सोऱ्याची चकती घेऊन बदलापूरला

आत्याचा फोन आला तेव्हा तिला माझ्या ख्यालीखुशालीपेक्षा चकतीची काळजी जास्त होती. "कुरडईची चकती आण. जुनीची भोकं झिजून मोठी झालीत. कुरडई जाडी पडते, दोन उन्हं दिली तरी आतून ओलीच राहते." माप म्हणून तिने जुन्या चकतीभोवती दोरा गुंडाळला, जिथे टोकं मिळाली तिथे गाठ मारली आणि तो दोरा माझ्या आतेभावाबरोबर ठाण्याला पाठवून दिला. जांभळी नाक्यावरच्या भांड्याच्या दुकानात मी तो दोरा काढला तेव्हा दुकानदाराला काही सांगावं लागलं नाही. चार चकत्या लावून पाहिल्या, पाचवी बसली. पितळी, तळहातात मावणारी, बारीक भोकांची. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून त्याने ती माझ्या हातावर ठेवली आणि मी बदलापूरच्या वाटेला लागलो.

वाट सरळ नव्हती. आतेभाऊ बदलापूरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. तो वर्षभर म्हणत होता, "दादा, आमचं मशीन बघायला ये. सळई आत जाते, नळी बाहेर येते आणि मध्ये भट्टी नाही." इंजिनिअरिंगशी माझा संबंध बारावीपर्यंतचा, त्यामुळे यात नवल काय हेच मला कळत नव्हतं. तो म्हणाला, नवल कळायला आधी साधं एक्स्ट्रुजन, म्हणजे धातू दाबून भोकातून काढणं, बघावं लागेल. मग दिवस असा ठरला: शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची एमआयडीसी आणि शेवटी बदलापूर गाव, आत्याच्या ओट्यावर.

शहाडला मी माझ्या हौसेने उतरलो. कल्याणला रूळ फुटतात, एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. शहाड कसाऱ्याच्या फाट्यावरचं पहिलं स्टेशन. इथे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना 1950च्या दशकापासून उभा आहे. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यातून काढलेलं सूत. लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडच्या संस्कारांतून गेला की मधासारखा दाट पाक होतो. हा पाक केसाएवढ्या भोकांच्या टोपणातून गंधकाम्लाच्या हौदात दाबतात आणि बाहेर येतात ते धागे. ती टोपणं आम्लात टिकावीत म्हणून सोनं आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूची करतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा आपण अंगावर घालतो ते अस्तर सोन्याच्या चाळणीतून आलेलं आहे या कल्पनेनेच मजा वाटली. मुद्दा असा की दाबून भोकातून काढायची कला या पट्ट्यात एकट्या धातूने नाही, सुतानेही आणली.

शहाडहून रिक्षाने उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेली जवळपास लाखभर माणसं त्या बराकींत उतरवली गेली. 8 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीची पायाभरणी झाली आणि शेजारच्या नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद माझ्या लहानपणापासून ठाणे जिल्ह्यात चालतो. त्यात टिंगल होती तशी थोडी असूयाही होती, कारण ही माणसं काहीही करून विकत होती. आजही रस्त्याच्या दोन्ही अंगांना फर्निचर, काचा, हार्डवेअर. मी एका ॲल्युमिनियमच्या दुकानासमोर रिक्षा थांबवली. खिडक्यांच्या चौकटींसाठीच्या बारा आणि सोळा फुटी लांबड्या पट्ट्या भिंतीला उभ्या लावलेल्या. धंद्यात त्यांना 'सेक्शन' म्हणतात: दोन ट्रॅकचा, तीन ट्रॅकचा, हँडलचा, इंटरलॉकचा. विक्री किलोवर. दुकानदाराने एक सेक्शन आडवा धरून माझ्या डोळ्यांसमोर आणला. समोरून पाहिलं की नक्षी दिसते: खाचा, कप्पे, ब्रश बसवायची चिमुकली नाळ. बाजूने पाहिलं की नुसती पट्टी. "हे सगळं एका फटक्यात निघतं," तो म्हणाला, "जोड कुठे दाखवा." जोड दिसला नाही. बोट फिरवलं तर लांबीच्या दिशेने अगदी बारीक रेघा तेवढ्या लागल्या. त्या डायच्या, म्हणजे ज्या साच्याच्या भोकातून धातू दाबतात त्याच्या, खुणा. एका घराण्याचं नाक ओळखावं तसा जाणकार माणूस त्या रेघांवरून डाय किती थकली आहे ते सांगतो म्हणे.

अंबरनाथला मी कारखान्याआधी देवळात गेलो, कारण उन्हं चढत होती आणि गाभाऱ्यात पायऱ्या उतरून गेलं की मे महिन्यातही गार वाटतं. शिलाहारांचं हे शिवमंदिर. शिलालेख शके 982चा, म्हणजे इसवी सन 1060. याआधी मी चार वेळा तरी आलो असेन, पण दर वेळी नजर मूर्तींवर जायची. या खेपेला डोक्यात सेक्शन होते. मंदिराच्या जोत्याकडे पाहिलं आणि थबकलो. जमिनीपासून वर एकावर एक थर आहेत: उतरता, गोलसर, धारदार, पुन्हा आत गेलेला. भिंत कोनाकोनांत मोडत जाते आणि हे थर तिच्याबरोबर मोडत जातात, पण त्यांचा छेद बदलत नाही. कोपऱ्यावर उभं राहून बाजूने पाहिलं तर उल्हासनगरच्या दुकानदाराने डोळ्यांसमोर धरला होता तसाच एक 'सेक्शन' दिसतो, देवळाभोवती फिरवलेला. फरक एवढाच की इथे प्रत्येक वीत छिन्नीने काढलेली आहे. एकच छेद शेकडो हात लांब सारखा ठेवायचा, हा हट्ट काही गिऱ्हाइकांच्या खिडक्यांपासून सुरू झालेला नाही.

देवळाला लागून वालधुनी वाहते. वाहते म्हणायचं. काळं पाणी, वर फेस. या पट्ट्याने इतकी दशकं काय काय बनवलं याची यादी करायची तर ती या पाण्यातूनही करता येईल. नाकाला रुमाल लावून मी निघालो.

अंबरनाथ हे कामगारांचं गाव फार आधीपासून. विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना 1920च्या दशकातला. कारखाना गेला तरी चौकाचं नाव विम्को नाका राहिलं. 1953 साली इथे आयुध निर्माणी सुरू झाली, तीही अलोह धातूंची. पितळ आणि ॲल्युमिनियमचे गज, नळ्या, काडतुसांच्या कवचांसाठी लागणाऱ्या पितळी वाट्या, असं तिचं काम. 1 ऑक्टोबर 2021 पासून ती यंत्र इंडिया लिमिटेड या नागपूरच्या सरकारी कंपनीत आहे. आत जायची सोय अर्थातच नाही. लांबलचक भिंत, आत झाडं, वसाहतीची बैठी घरं. भिंतीलगत रिक्षा चालली असताना, अंबरनाथला येऊन मिळालेला आतेभाऊ म्हणाला, "आमच्या पहिल्या मेस्त्रीचे वडील इथलेच. प्रेसवर होते. या भागात डायचं काम जाणणारी जी जुनी माणसं सापडतात ना, त्यांचं कुणी ना कुणी या भिंतीच्या आत निघतं." सरकारी कारखाना गावाला पगार देतो हे सगळ्यांनाच दिसतं. हात देतो, हे असं कुणी सांगितलं तर कळतं.

आनंदनगरच्या एमआयडीसीत ज्या शेडमध्ये तो पूर्वी कामाला होता तिथे आम्ही शिरलो. मालकाने दोन अटी घातल्या: फोटो नाही आणि पिवळ्या पट्टीच्या पलीकडे पाय नाही.

शेडच्या एका टोकाला ॲल्युमिनियमचे ओंडके रचलेले. त्यांना 'लॉग' म्हणतात, त्यांचे हातभर लांब तुकडे केले की 'बिलेट'. मिश्रधातू 6063, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये चिमूटभर मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. हे तुकडे भट्टीतून साडेचारशे अंशांवर तापून बाहेर येतात, पण लाल होत नाहीत. हीच गोष्ट मला सगळ्यात भीतीदायक वाटली. तापलेलं लोखंड आपली दहशत स्वतः सांगतं. तापलेलं ॲल्युमिनियम गार ॲल्युमिनियमसारखंच दिसतं. बिलेट कंटेनरमध्ये सरकतो, मागून दट्ट्या येतो, समोर पोलादी डाय. हजारेक टनांचा दाब चढतो. चार-पाच सेकंद काहीच होत नाही, पंपाचा आवाज फक्त जड होतो. मग डायच्या तोंडातून चांदीच्या जिभेसारखं काहीतरी बाहेर येतं आणि लांब मेजावर सरकत जातं. पुलर नावाचा यांत्रिक चिमटा त्याचं टोक पकडून पुढे धावतो.

मी पिशवीतून चकती काढली. म्हटलं, हा तर सोऱ्या. ऑपरेटर हसला नाही, उलट त्याने चकती हातात घेऊन उजेडाकडे धरली. जळगावकडचा पोरगा. "हिची भोकं एका बाजूने उतरती आहेत बघा. पीठ येतं ती बाजू रुंद, बाहेर पडतं ती अरुंद. आणि अरुंद भाग किती आखूड ठेवलाय. आमच्याकडे त्याला बेअरिंग म्हणतात." मग त्याने जे सांगितलं त्याने माझं अर्धं अज्ञान गेलं. सेक्शनचा जाड भाग डायमधून सहज वाहतो, पातळ भाग अडखळतो. दोघे एका वेगाने बाहेर पडले नाहीत तर पट्टी जिलबीसारखी वळते. म्हणून जाड जागी हे बेअरिंग लांब ठेवायचं, धातूला थोडं रोखायचं. पातळ जागी आखूड, धातूला मोकळं सोडायचं. फरक मिलिमीटरच्या अंशात. पट्टी कुठल्या बाजूला वळली ते पाहून कानस कुठे मारायची ते ठरवणारा जो माणूस असतो, त्याला 'डाय करेक्टर' म्हणतात आणि चांगला करेक्टर मालक जपून ठेवतो.

दुसरं कोडं पोकळ सेक्शनचं. चौकोनी नळी काढायची तर मधलं भोक कुठून आणायचं? डायच्या मध्यावर एक ठोकळा हवा आणि तो हवेत तर तरंगणार नाही. उत्तर असं की त्या ठोकळ्याला पूल बांधून धरून ठेवतात. धातू पुलाच्या खांबांशी येऊन तीन-चार प्रवाहांत फुटतो, खांब ओलांडला की पलीकडच्या कप्प्यात प्रवाह पुन्हा एकमेकांना भिडतात आणि त्या दाबात, त्या उष्णतेत, हवा न लागलेले नवे पृष्ठभाग कायमचे जुळून जातात. म्हणजे दुकानदाराने 'जोड दाखवा' म्हटलं तेव्हा जोड होता. दिसत नव्हता एवढंच.

प्रत्येक बिलेट शेवटपर्यंत ढकलत नाहीत. तळाशी एक जाड चकती उरवतात, कारण बिलेटची बाहेरची काळवंडलेली कातडी कंटेनरच्या भिंतीला घासत मागे राहते आणि शेवटी त्या बुडात गोळा होते. सुरी खाली येते, बूड कापलं जातं, धाडकन भंगाराच्या पेटीत. मग पुढचा बिलेट. जिथे दोन बिलेटांचा सांधा येतो तिथे पट्टीवर आडवी खूण उमटते, तेवढा तुकडा नंतर कापून टाकावा लागतो. पट्ट्या गार झाल्या की दोन्ही टोकं धरून टक्काभर ताणतात, सरळ करतात; ताणताना चिमट्यांनी चेपलेली टोकंही जातात. मग भट्टीत पावणेदोनशे-एकशे ऐंशी अंशांवर काही तास मुरवायच्या, तेव्हा त्या कडक होतात. भंगार वाया जात नाही. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याने बनवण्यापेक्षा वीसपट कमी ऊर्जा लागते. तरीही एकदा बनवलेली वस्तू परत वितळवणं हे कुणाच्या जिवावर येणार नाही?

आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली. सुरी खाली आली, बूड पडलं, नवा बिलेट सरकेपर्यंत जे अर्धं मिनिट मिळतं त्यात ऑपरेटर कट्ट्यावरच्या ग्लासातून चहाचा एक घोट घेतो. पुढचा घोट पुढच्या बिलेटला. चकल्यांचा घाणा तळताना आत्या कपाळावरचा घाम पदराने पुसते, तो दोन घाण्यांच्या मधल्या वेळात. तसंच.

अंबरनाथहून बदलापूर आठ किलोमीटर. ही रेल्वे 1856ची: कल्याणहून खोपोलीपर्यंत रूळ पोचले, पुढचा बोरघाट चढायला आणखी सात वर्षं लागली. बदलापूर नावाची कथा घोड्यांची सांगतात. कोकणातून घाटावर आणि सुरतेकडे जाणाऱ्या वाटेवर इथे घोडी बदलत, म्हणून बदलापूर. खरंखोटं त्या घोड्यांना ठाऊक. आज इथे लोकं गाड्या बदलतात. 2001च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती 98 हजारांच्या आसपास होती, 2011मध्ये 1 लाख 74 हजार झाली आणि आता स्टेशनाबाहेर उभं राहिलं की टॉवरांशिवाय काही दिसत नाही. प्रत्येक टॉवरला शेकडो खिडक्या आणि प्रत्येक खिडकीला सेक्शन. आनंदनगरातला तो प्रेस रात्रंदिवस का चालतो हे विचारायला नको.

मानकिवलीच्या बाजूला एमआयडीसी. आतेभावाची पाळी सुरू व्हायला वेळ होता. शेड लहान, स्वच्छ आणि थंड. थंड हेच विचित्र. "भट्टी कुठंय?" मी विचारलं. "तेच तर," तो म्हणाला.

एका बाजूला ॲल्युमिनियमच्या सळईचं भलं मोठं वेटोळं. साडेनऊ मिलिमीटर जाडीची ही सळई जगभर एकाच मापाची मिळते, कारण विजेच्या तारा ओढणाऱ्यांसाठी ती मुळात बनते. इटलीच्या इलारिओ प्रोपर्झीने रस थेट सळईत ओतत राहण्याची पद्धत काढली तेव्हापासून. सळई सरळ होत, साफ होत एका चाकाकडे जाते. चाक जेवायच्या ताटाएवढं, जाड, सावकाश फिरणारं, मिनिटाला दहाएक फेरे. चाकाच्या कडेला गोल खाच आणि एक छोटा रूळ सळईला त्या खाचेत दाबून बसवतो. चाकाचा एक भाग पोलादाच्या बुटाने झाकलेला आहे. त्याला 'शू'च म्हणतात. शूला एक आडवा दात आहे, तो खाचेत उतरून वाट अडवतो. बांधच म्हणा. बस, एवढंच मशीन.

आता काय होतं ते पाहा. खाचेत बसलेल्या सळईला चार बाजू. तीन बाजूंना चाकाची फिरती भिंत, चौथीला स्थिर शू. तीन पुढे खेचतात, एक मागे धरते, जीत तिघांची. सळई पुढे जाते आणि बांधाला जाऊन धडकते. मागून नवी सळई येतच असते. दबत, मळत, स्वतःशीच घासत धातू तापतो, चारशे-पाचशे अंशांपर्यंत, आणि बांधाशी त्याला एकच वाट उरते: डाय. तिथून तो आठ मिलिमीटरची पोकळ नळी होऊन बाहेर पडतो. बोटाला गार लागणारी सळई इकडून शिरते आणि हातभर अंतरावर तिकडून वाफाळती नळी पाण्याच्या नाळेत चर्र करत उतरते.

प्रेसवाल्यांचा जन्म घर्षणाशी भांडण्यात जातो. दट्ट्याचा कितीतरी जोर बिलेट आणि कंटेनर यांच्या घासण्यातच खर्च होतो. ते टाळायला लोकांनी बिलेट स्थिर ठेवून डायच पुढे ढकलायच्या पद्धतीही काढल्या. आणि इथे कुणीतरी त्या शत्रूलाच चाकाला जुंपलं. ढकलणाराही तोच, तापवणाराही तोच. मी त्या चाकापुढे बराच वेळ उभा राहिलो. यापूर्वी मशीन पाहून मला कधी हसू आलं नव्हतं. ते या वेळी आलं, एखाद्या कोट्याधिपतीच्या कोटीवर यावं तसं.

हा कुणीतरी म्हणजे डेरेक ग्रीन. इंग्लंडमध्ये प्रेस्टनजवळ स्प्रिंगफील्ड्स इथे अणुइंधन तयार करण्याचं सरकारी केंद्र होतं, तिथे काम करताना 1971च्या सुमारास त्याने ही युक्ती काढली. नाव पडलं 'कॉन्फॉर्म'. त्याआधीची वंशावळ पाहिली तर गंमत वाटते. 1797 साली जोसेफ ब्रामा, कुलुपं आणि हायड्रॉलिक प्रेसवाला, त्याने शिशाची नळी दट्ट्याने दाबून काढायचं पेटंट घेतलं. 1820मध्ये टॉमस बरने त्याला पाण्याच्या दाबाचा प्रेस जोडला. 1894मध्ये अलेक्झांडर डिकने तापलेलं पितळ त्यातून काढून दाखवलं. पावणेदोनशे वर्षं सगळ्यांचं लक्ष दट्ट्या मोठा कसा करायचा याकडे. दट्ट्याच नको, हे म्हणायला इतका काळ जावा लागला. उसाच्या चरकाच्या देशात हे आधी सुचायला हवं होतं, असं मनात आलं. पण चरकात रस गळून जातो, त्याला बांध नसतो.

सळई संपत आली की पुढच्या वेटोळ्याचं टोक तिच्या टोकाला दाबून जोडतात, चाक थांबत नाही. बूड नाही, आडवी खूण नाही. चाक आणि शू यांच्या फटीतून केसभर जाड पापुद्रा निघत राहतो, तेवढंच भंगार. मी आतेभावाच्या वहीत हिशेब मांडला. साडेनऊ मिलिमीटरची एक मीटर सळई भरते 190 ग्रॅम. म्हणजे टनभर वेटोळ्यात सव्वापाच किलोमीटर सळई. एक मिलिमीटर भिंतीची, आठ मिलिमीटरची नळी काढली तर लांबी तिपटीहून थोडी जास्त होते. सोळा-सतरा किलोमीटर. कल्याण ते बदलापूर चौदा किलोमीटर आहे. रुळाच्या कडेने एकसंध नळी अंथरत यावी आणि बदलापूर फलाट ओलांडूनही ती वांगणीकडे निघालेलीच असावी, इतकी.

असल्या नळ्या फ्रिजच्या मागे जातात, गाड्यांच्या एसीत जातात. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतल्या चपट्या पट्ट्या, तांब्याच्या बसबार अशाच चाकावर निघतात आणि जगात काही ठिकाणी तर रेल्वेच्या डोक्यावरची, पेंटोग्राफ जिला घासत जातो ती तांब्याची तारसुद्धा. माझी लोकल सकाळपासून जिच्याखालून आली ती.

"तेल कुठे घालता?" मी विचारलं. आत्या सोऱ्याला आतून तेलाचं बोट फिरवल्याशिवाय चीक भरत नाही, म्हणून विचारलं. आतेभाऊ दचकलाच. "तेल? दादा, सळईला तेलाचं बोट लागलं तर सगळं बोंबललं. चाकाची पकड सुटेल आणि नळीत फोड येतील. सळई कोरडी आणि धुतलेली हवी." चाकावरचा माणूस मात्र बोलत नव्हता. फटीतून येणाऱ्या पापुद्र्याकडे त्याचा एक डोळा, नळीकडे दुसरा. पापुद्रा जाडावला की फट वाढली, आवाज बदलला की दात झिजला. त्याच्यासाठी आलेला चहा खिडकीत तसाच होता, वर साय धरलेली.

नळी ज्या पाण्यात गार होत होती ते बारवीचं. उल्हासची उपनदी बारवी, तिच्यावर एमआयडीसीने खास उद्योगांसाठी धरण बांधलं आणि पुढे त्याची उंची वाढवत नेली. आता ठाणे जिल्ह्यातल्या कारखान्यांबरोबर शहरंही त्यावर तहान भागवतात.

बदलापूर गाव स्टेशनच्या पश्चिमेला, नदीच्या अंगाला. टॉवर मागे पडत जातात, रस्ता अरुंद होतो, कौलं दिसू लागतात. वाटेवर एक बाई टोपलीत जांभळं घेऊन बसली होती. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे, पण भाव विचारला की ती मानांकनाचं नाव न घेताही तो वसूल करते. जांभळं बरी होती. नदी उन्हाळ्यात शांत दिसते. हीच उल्हास 27 जुलै 2019ला अशी पसरली की बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजाराच्या वर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. "तेव्हा इथल्या पोरांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही," आत्या सांगते. 26 जुलै 2005चं पाणी तिच्या घराच्या कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं तेही ती पायानेच दाखवते.

ओट्यावर सगळी तयारी होती. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून चीक काढलेला. पातेल्यात तो शिजून काचेसारखा झालेला. अंगणात खाटेवर धुतलेली साडी पसरलेली. मी चकती काढून दिली. तिने कागद सोडवला, चकती उजेडाकडे धरली, अगदी त्या जळगावच्या पोराने धरली तशी, आणि सोऱ्यात टाकली. घट्ट बसली. तेलाचं बोट फिरवलं, गरम चीक भरला. "गार झाला की दबत नाही, हात मोडतात," ती म्हणाली. साडेचारशे अंशांचं गणित मला तिच्याकडून आधी कळायला हवं होतं. सोऱ्या फिरला, बारीक, सारखे, ओले धागे साडीवर गोल गोल पडू लागले. तीन कुरडया झाल्या की सोऱ्या रिकामा. उघड, भर, तेल, बंद कर. चौथ्यांदा रिकामा झाल्यावर ती जोत्याला टेकली, पाणी प्यायली, सुनेशी दोन शब्द बोलली. मग पुढचा.

मी तिला चाकाचं सांगितलं. आपल्या मुलाच्या कारखान्यातलं, तरी तिने ते पहिल्यांदाच ऐकलं असावं. सोऱ्या आहे, पण दट्ट्या नाही. चाकच पीठ आत ओढतं, घासून घासूनच शिजवतं. एक गोळा संपायच्या आत दुसरा त्याला चिकटतो. रात्रंदिवस धार तुटत नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती. चीक भरता भरता हात थांबला.

"पीठ संपतच नाही?"

"नाही."

"मग त्या सोऱ्यावर बसलेला माणूस उठतो कधी?"

आतेभाऊ पाळीला निघायच्या तयारीत बूट घालत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डबा पिशवीत टाकला आणि म्हणाला, "आई, जातो. आज त्याला सोडवायचंय मला सहाच्या आत."